हाताने बनवलेल्या साबणाचं पॅकिंग: प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

साबण साच्यातून काढला, वड्या कापल्या. आता लगेच पॅक करायला घेऊ का?

कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता मिसळून केलेला, असेल तर नाही. वडी हाताला घट्ट लागली तरी आत पाणी असतं, आणि ते बाहेर पडायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात वडी आकसते, टणक होते, वजन उतरतं. मूळ पाकात पाणी किती घातलं होतं त्यावर ते अवलंबून आहे, पण दहा टक्के किंवा त्याहून जास्त घट होणं अगदी नेहमीचं. नुसत्या ऑलिव्ह तेलाचा साबण तर कित्येक महिने मुरवतात.

ओला साबण गुंडाळला की तीन गोष्टी होतात. कागद ओल धरतो आणि त्यावर डाग उठतात. घट्ट बसवलेली पट्टी पंधरा दिवसांत सैल होऊन वडीवरून घसरते. आणि लेबलवर छापलेलं वजन खोटं ठरतं. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती गिऱ्हाईक घरी गेल्यावर त्याच्या काट्यावर उघडी पडू शकते.

म्हणून प्रदर्शनाची तारीख कळली की उलटं मोजा. पॅकिंगला एक आठवडा, मुरवायला सहा, आणि एखादी खेप बिघडलीच तर पुन्हा करायला थोडी सवड. म्हणजे निदान दोन महिने आधी साबण साच्यात पडलेला हवा.

मेल्ट अँड पोअरलाही थांबावं लागतं का?

उलट. हा म्हणजे तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतलेला साबण. तो गार होऊन घट्ट झाला की लगेच गुंडाळा. या साबणात ग्लिसरिन जास्त असतं आणि ग्लिसरिन हवेतली ओल ओढून घेतं. उघडा ठेवला की वडीवर दवासारखे थेंब जमतात. लोकांना वाटतं साबण वितळतोय. तसं नाही, ती हवेतलीच ओल आहे, पण स्टॉलवर हे प्रत्येकाला समजावत बसणार का? क्लिंग फिल्म घट्ट ताणून लावा किंवा श्रिंक रॅप करा, म्हणजे गरम हवेने आकसून वडीला चिकटून बसणारी फिल्म लावा. हवा आत राहता कामा नये.

थोडक्यात, एकाला हवा लागते आणि दुसऱ्याला हवा सोसत नाही. पॅकिंग निवडताना सुरुवात इथून करायची. रंग, रिबन, सुतळी हे सगळं नंतर.

मग कोल्ड प्रोसेसच्या वडीला सगळ्यात चांगलं काय?

माझं मत विचाराल तर कागदी पट्टी. वडीच्या पोटाभोवती एक कागद, दोन्ही टोकं उघडी. रंग दिसतो, कापाची नक्षी दिसते, वास येतो, साबण श्वास घेतो आणि लेबल वेगळं चिकटवावं लागत नाही. स्टॉलवर माणूस आधी वडी उचलतो, नाकाला लावतो आणि मग वाचतो. हा क्रम कुठेही बदलत नाही. जे पॅकिंग नाकाच्या आड येतं ते विक्रीच्या आड येतं.

ही पट्टी मापात कशी कापायची?

वडी ८ सेंमी लांब, ५.५ सेंमी रुंद आणि २.५ सेंमी जाड आहे असं धरू. पोटाचा घेर म्हणजे रुंदी आणि जाडीची दुप्पट: १६ सेंमी. त्यात एकावर एक चढायला दीड सेंमी मिळवा. पट्टीची लांबी झाली साडेसतरा. रुंदी ५ सेंमी ठेवली तर वडीची दोन्ही टोकं दीड-दीड सेंमी उघडी राहतात. ए-फोर कागद उभा धरला की अशा पाच पट्ट्या एकाखाली एक बसतात आणि प्रिंटरला कडेची जागाही उरते.

कागद उभा धरायचं आणखी एक कारण आहे. बाजारातल्या बहुतेक ए-फोर कागदाचे तंतू लांब बाजूला धावतात. घडी तंतूंच्या दिशेने पडली तर ती धारदार आणि सरळ येते, आडवी पडली तर कडा फाटल्यासारखी खरबरीत दिसते. वर सांगितल्याप्रमाणे पट्ट्या कापल्या की घड्या आपोआप तंतूंच्या दिशेने पडतात. शंका असेल तर कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो तिकडची घडी चांगली.

आता बांधणी. पट्टी पालथी ठेवा, वडी मधोमध ठेवा, एक बाजू वर घ्या आणि कोपऱ्यावर बोट ओढून घडी पक्की करा. मग दुसरी बाजू. टोक पाठीवर येईल असं बघा. डिंक किंवा डबल साइड टेप फक्त कागदावर कागद चिकटवायला वापरा, साबणाला कधीच लावू नका. साबणाला चिकटलेला कागद सोलताना वडीचा पापुद्रा निघतो. पिनाही मारू नका. साबणाच्या संगतीत लोखंड गंजतं आणि तो गंज वडीत उतरतो.

पहिली पट्टी साध्या रद्दी कागदाची करून बघा आणि मगच छपाईला द्या. हाताने कापलेल्या वड्या एकसारख्या जाडीच्या नसतात, त्यामुळे माप नेहमी सगळ्यात जाड वडीचं घ्या.

कागद किती जाड?

पट्टीसाठी ९० ते १२० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). झेरॉक्सचा ७०-८० जीएसएम कागद चालतो, पण हाताळून हाताळून चुरगळतो. दोनशेच्या वर गेलात तर आधी बोथट सुरीने किंवा रिकाम्या बॉलपेनने घडीची रेघ ओढून घ्यावी लागते, नाहीतर कोपऱ्यावर कागद तडकतो. बॉक्ससाठी २५० ते ३०० जीएसएम.

खाकी कागद सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. पण त्यावर फिके रंग मरतात. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, तेव्हा डिझाइनमधला पांढरा म्हणजे नुसता खाकी राहणार. काळं किंवा गडद छापा. रंगीत टिश्यू पेपर मात्र जपून वापरा. जरा ओल लागली की त्याचा रंग वडीवर उतरतो, आणि गुलाबी ठिपक्यांची पांढरी वडी कोणी घेत नाही.

श्रिंक रॅप करावं का? दिसायला दुकानातल्यासारखं येतं.

मेल्ट अँड पोअरला उत्तम. कोल्ड प्रोसेसला चालेल, पण पूर्ण मुरलेल्या वडीलाच, आणि कोपऱ्यात हवा जायला बारीक भोक ठेवून. नाहीतर वास आत कोंडतो आणि गिऱ्हाईक प्लास्टिक हुंगत बसतं.

हीट गन हातभर नाही, पण वीतभर तरी लांब धरा आणि सतत हलवत राहा. एका जागी थांबलात की फिल्मला भोक पडतं, आणि मेल्ट अँड पोअरची तर कडाच वितळते. केस वाळवायचं यंत्र पातळ फिल्मला कधी पुरतं, कधी नाही. आधी एकच पिशवी घेऊन बघा. पीव्हीसीपेक्षा पॉलिओलेफिनची फिल्म मऊ आणि कमी वासाची असते. सेलोफेनसारखी दिसणारी सेल्युलोजची फिल्मही मिळते. ती वनस्पतीजन्य आहे पण आकसत नाही, पाकिटासारखी घडी घालून वापरायची.

आणि बॉक्स?

दिसायला भारदस्त, रचायला सोपे, भेट द्यायला छान. पण घडी घालण्यात वेळ जातो, स्टॉलवर जागा जाते आणि आतला साबण दिसत नाही. खिडकीचा बॉक्स घेतलात तर खिडकीवरचं प्लास्टिक काढून टाकलेलं बरं, वास तिथूनच येतो. वडीवर नाजूक नक्षी किंवा फेसासारखा उंच थर केला असेल तर मात्र बॉक्सला पर्याय नाही. पट्टीत ती नक्षी दुपारपर्यंत टिकत नाही.

धातूच्या डब्या टाळा, निदान अॅल्युमिनियमच्या. साबण अल्कलीधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास. ओला साबण अॅल्युमिनियमला हळूहळू खातो.

काहीच गुंडाळलं नाही तर? पर्यावरणाच्या दृष्टीने तेच चांगलं ना?

चांगलंच आहे, आणि साध्या लाकडी ट्रेमध्ये रचलेल्या उघड्या वड्या सुंदर दिसतात. अडचण दोन ठिकाणी येते. दिवसभरात त्याच वड्यांना शंभर हात लागतात, त्यांवर बोटांचे ठसे उमटतात, धूळ बसते. आणि घटकांची यादी प्रत्येक गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला काहीतरी सोबत द्यावंच लागतं: दोऱ्याला बांधलेलं कार्ड किंवा वडीसोबत दिलेला छोटा कागद. काही देशांत वडीला लेबल लावणं सक्तीचंच आहे, तेव्हा तुमच्याकडचा नियम आधी बघा. पट्टी हा मधला मार्ग आहे. एका वडीला कागद लागतो हाताच्या पंज्याएवढा.

लेबलवर नेमकं काय काय हवं?

नियम देशागणिक बदलतात आणि तुम्हाला लागू असलेले नियम वाचायलाच हवेत. पण जवळपास सगळीकडे पुढच्या गोष्टी लागतात किंवा निदान अपेक्षित असतात: वस्तू काय आहे (चक्क ‘साबण’ असं लिहा, लोक खरंच विचारतात की हे काय आहे), निव्वळ वजन, घटक, बनवणाऱ्याचं नाव आणि संपर्क, खेप क्रमांक.

खेप क्रमांकाचा लोक कंटाळा करतात. पण त्याचा उपयोग दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हालाच आहे. एखाद्याने येऊन सांगितलं की मागच्या वेळचा साबण आठवड्यात पिवळा पडला, तर तो कोणत्या तेलाच्या डब्यातून आला हे वहीत सापडलं पाहिजे. तारीख उलटी लिहून पुढे एक अक्षर जोडलं तरी पुरे.

घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, जे जास्त ते आधी. लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पाकात काय घातलं ते: खोबरेल तेल, पाणी, कॉस्टिक सोडा वगैरे. दुसरी म्हणजे तयार वडीत काय आहे ते, आंतरराष्ट्रीय नावांनी: सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल तेलाचा साबण, सोडियम पामेट पाम तेलाचा, सोडियम ऑलिव्हेट ऑलिव्हचा. तुमच्याकडे कोणती चालते ते पाहून एकच धरा. दोन्हींची खिचडी करू नका.

सुगंध असेल तर तो लिहिलाच पाहिजे, आणि नैसर्गिक तेलांनाही यातून सूट नाही. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, लिंबूवर्गीय तेलांत लिमोनीन. काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत, म्हणून कित्येक ठिकाणी ती नावं वेगळी छापावी लागतात. ‘सुगंधी तेल’ एवढ्यावर भागत नाही.

अक्षर बारीक करण्याचा मोह टाळा. सात-आठ पॉइंटच्या खाली गेलात तर चष्मा घरी विसरलेला माणूस वडी खाली ठेवून पुढच्या स्टॉलला जातो.

घटकांत कॉस्टिक सोडा लिहिला की लोक घाबरतात. गाळला तर?

गाळू नका. ‘आमच्या साबणात कॉस्टिक नाही’ असं लिहिणाऱ्यांपैकी तुम्ही होऊ नका. तेल आणि अल्कली यांच्या संयोगाशिवाय वडीचा साबण होतच नाही. माप बरोबर असेल तर सगळा सोडा त्या क्रियेत संपतो आणि साबण व ग्लिसरिन उरतं. तेल थोडं जास्त ठेवलं असेल, साधारण ५ टक्के ठेवतात, तर सोडा उरण्याचा प्रश्नच नाही. हे एका ओळीत लेबलच्या मागे छापा. मेल्ट अँड पोअरवाल्यांनीही हे टाळू नये, त्यांच्या तयार बेसमध्ये ही क्रिया कारखान्यात झालेली असते इतकंच.

वजन मुरण्याआधीचं लिहू की नंतरचं?

नंतरचं. आणि पॅकिंग सोडून. वडी मुरल्यावरही सावकाश हलकी होत राहते, म्हणून खेपेतली सगळ्यात हलकी वडी तोला आणि त्यापेक्षा दोन-तीन ग्रॅम कमीच छापा. लिहिलंय ९५ आणि निघाली ९८, तर कोणी तक्रार करत नाही.

‘इसब बरा होतो’, ‘केमिकल-फ्री’ असं लिहिलेलं खपतं. लिहू का?

पहिलं अजिबात नाही. आजार बरा करण्याचा दावा केला की बऱ्याच देशांत तुमचा साबण औषधाच्या कायद्यात जातो, आणि औषधाचा परवाना तुमच्याकडे नाही. ‘मॉइश्चरायझिंग’सारख्या शब्दांनीही काही ठिकाणी साबणाचं सौंदर्यप्रसाधन होतं आणि नियम बदलतात. केमिकल-फ्री हे तर निव्वळ असत्य आहे, पाणीसुद्धा केमिकलच. त्याऐवजी जे खरं आहे ते लिहा: कोणती तेलं, किती मुरवला, सुगंध आहे की नाही. बिनवासाच्या वडीवर ‘सुगंध नाही’ हे दोन शब्द ठळक छापा. नेमके तेच शोधत येणारे लोक असतात आणि ते पुन्हा येतात.

घरच्या प्रिंटरवर छापलं तर चालेल?

लेझर असेल तर बेलाशक. टोनर पाण्याने पसरत नाही, फक्त घडीवर गडद रंगाचा पट्टा आला तर तिथे तडकतो. साध्या इंकजेटची शाई ओल्या बोटाने पुसली जाते. कुरिअरच्या चिठ्ठ्या छापतात ते थर्मल लेबल स्वस्त पडतं, पण उन्हात फिकं होतं, तापलेल्या गाडीत काळवंडतं आणि सुगंधी तेल लागलं की अक्षरं उडतात. साबणासाठी नकोच.

लोकांना वास घ्यायचा असतो, आणि विकायच्या वड्या खराब होतात. काय करावं?

प्रत्येक वासाची एक वडी उघडी, पुढ्यात, ‘वास घेण्यासाठी’ अशी चिठ्ठी लावून. कापाकापीतल्या वेड्यावाकड्या वड्या यालाच ठेवा. बाजूला छोट्या झाकणाच्या बरणीत तोच साबण किसून ठेवला तर वास जास्त उठतो. लिंबूवर्गीय वास लवकर उडतात, त्यांचा नमुना दर प्रदर्शनाला नवा काढा. पॅचौलीचा (हे उग्र, मातकट वासाचं सुगंधी तेल) नमुना वर्षभर पुरतो, आणि शेजारच्या तीन वड्यांनाही लागतो. त्यामुळे तो टेबलाच्या टोकाला.

पॅक केलेल्या वडीवर केशरी ठिपके आले. कागदाचा दोष?

बहुतेक नाही. तेल खवट झाल्याची ती खूण आहे. सूर्यफुलासारखं लवकर खराब होणारं तेल जास्त असेल, तेल जुनं असेल, लोखंडी जाळीवर वड्या वाळवल्या असतील किंवा दमट जागी ठेवल्या असतील, तर ठिपके येतात. धातूचे कण ही क्रिया भरभर पुढे नेतात. कागदाने फक्त ते झाकून ठेवलं. म्हणून पॅक केलेल्या मालातली एखादी वडी अधूनमधून उघडून बघत जा. ठिपकेवाली वडी विकू नका, घरी हात धुवायला वापरा.

वरून वाळलेल्या पाकळ्या लावल्यात, त्या गळतात.

गळणारच, आणि बहुतेक काळ्याही पडणार. अल्कलीत फुलांचा रंग टिकत नाही. कॅलेंड्युलाच्या केशरी पाकळ्या तेवढ्या तग धरतात. लॅव्हेंडरच्या वाळक्या कळ्या साबणावर कशासारख्या दिसायला लागतात हे उंदीर पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. लावायच्याच असतील तर साबण ओला असताना दाबून बसवा आणि बॉक्समध्ये द्या.

माल प्रदर्शनाला न्यायचा कसा?

वजन आधी मोजा. शंभर ग्रॅमच्या शंभर वड्या म्हणजे १० किलो, वर खोक्याचं वजन. एका खोक्यात याहून जास्त भरू नका, उचलायचं तुम्हालाच आहे. वड्या कडेवर उभ्या लावा, म्हणजे पट्ट्या चुरगळत नाहीत. एका खोक्यात एकच वास, नाहीतर पोचेपर्यंत सगळ्यांना एकच वास लागलेला असतो. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यापेक्षा पुठ्ठ्याचं खोकं बरं. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, मेल्ट अँड पोअर तर नाहीच नाही. सोबत वीसेक कोऱ्या पट्ट्या, टेप आणि कात्री असू द्या.

गिफ्ट सेट करावेत का?

करावेत, पण थोडे. तीन वड्यांचा सेट चांगला जातो, कारण दोन कमी वाटतात आणि पाच जड होतात. एकमेकांशी भांडणारे वास एका बॉक्समध्ये घालू नका. आणि सेटमधल्या प्रत्येक वडीला तिची पट्टी राहू द्या, बाहेरच्या बॉक्सवरच सगळी माहिती छापली तर बॉक्स फेकल्यावर वडी निनावी होते.

पॅकिंगला किती वेळ द्यावा?

एक वडी घड्याळ लावून पॅक करा. तीन मिनिटं लागली तर शंभर वड्यांना पाच तास होतात. सुतळी, गाठ, वाळकं पान आणि मेणाचा शिक्का केलात तर सहा मिनिटं सहज जातात, म्हणजे दहा तास. ते तास किंमतीत धरले नाहीत तर तुम्ही ते फुकट विकताय. मला विचाराल तर गाठ आधी काढून टाका. गिऱ्हाइकाला ती सोडायचाही कंटाळा येतो.

उरलेला माल पुढच्या प्रदर्शनाला चालेल?

कोल्ड प्रोसेसचा नीट ठेवलेला साबण वर्षभर तरी चांगला राहतो, आणि मुरत गेल्याने आणखी टणक होतो. फक्त वास उतरतो. घरी आल्यावर वड्या खोक्यातून काढून हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवा, मळलेल्या पट्ट्या फाडून नव्या लावा आणि पुन्हा तोला. वजन छापील आकड्याच्या खाली गेलं असेल तर नवी पट्टी नव्या आकड्याची.